टिलरीजमधली संकष्टी

रात्री पडलेलं दंव सकाळचे आठ वाजले तरी हलायला तयार नव्हतं. ब्रिस्टल शहरातल्या ईस्टन भागात, त्या गल्लीतल्या सगळ्या मोटारींच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या आणि लोक घरातल्याच सपाता घालून, तोंडातनं वाफा सोडत, काचा खरवडत होते. पद्माकर इंगवले त्यांच्या आधीच शाळेच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला होता. गुडघ्याखाली जाणारा पिवळाधमक कोट, कानावर ओढलेली टोपी आणि हातात स्वतःपेक्षा हातभर उंच दांडा. दांड्याच्या टोकाला ‘थांबा’ लिहिलेली गोल पाटी. पोरं रस्ता ओलांडायला आली की हा दांडा घेऊन मधोमध जाऊन उभा, की दोन्हीकडच्या मोटारी गपगार. इंग्लंडात अशा माणसाला लॉलिपॉप मॅन म्हणतात. हॉटेलातनं रिटायर झाल्यावर, तीन वर्षांमागं, त्यानं कौन्सिलकडं हे काम मागून घेतलं होतं.

“घरात बसून काय बायकूचं तोंड बगू?” असं तो लोकांना सांगायचा. त्यावर सुनेत्राचं ठरलेलं उत्तर, “तोंडाचं काय न्हाई वो. ह्यास्नी मोटारी आडवायची हौस.”

त्या बुधवारी पिवळ्या कोटाखाली कडक इस्त्रीची पँट होती आणि बुटांत तोंड बघून भांग पाडावा अशी चकाकी. पोरांना सोडायला आलेल्या एका बाईनं ते टिपलं.

“काय पॅडी, लग्नाला निघालास?”

“जेवायला, मॅडम. टिलरीजला. गिऱ्हाईक म्हणून.”

“अगंबाई! शनिवारी बंद होतंय ना ते कायमचं?”

“हो ना. म्हणून तर.”

नऊ वाजले, शाळेचं दार लागलं. दुपारची ड्यूटी त्यानं पलीकडच्या चौकातल्या मॉरीनच्या गळ्यात आधीच घातली होती. दांडा खांद्यावर टाकून तो घराकडं निघाला तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या त्या गड्याच्या चालीत जत्रेला निघाल्यासारखा जोर होता.

टिलरीज म्हणजे काय हे ब्रिस्टलमधल्या जुन्या माणसाला सांगावं लागत नसे. दुसरी मोठी लढाई संपल्यावर टिलरी नावाचा एक अमेरिकन शिपाई इथल्या पोरीच्या प्रेमात पडून परत गेलाच नाही. त्यानं पंचावन्न साली वर क्लिफ्टनला, टेकडीवरच्या बड्या लोकांच्या वस्तीत, अमेरिकन पद्धतीचं रेस्टॉरंट काढलं. लाल चामड्याची उंच पाठीची बाकं, पितळी दिवे, पांढरी खळ घातलेली टेबलक्लॉथं. गिऱ्हाइकानं बूड टेकायच्या आत बर्फाचं पाणी समोर, न मागता. तळहाताएवढ्या जाडीचे स्टेक, चांदीच्या कागदात भाजलेला बटाटा, ब्राऊन शुगर घातलेली रताळी, आणि चार बोटं उंचीचं चीजकेक. विमानाच्या कारखान्यात आलेले अमेरिकन इंजिनियर नोव्हेंबरात त्यांच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिथं टर्की खायला जमायचे आणि घरच्या आठवणीनं डोळे पुसायचे. शहात्तर सालच्या चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा, तर अख्ख्या हॉलला निशाणं लावली होती आणि म्हातारा टिलरी स्वतः पियानोवर बसला होता. पद्माकर त्या दिवशी सोळा तास उभा होता, पण पाय दुखल्याचं त्याला आठवत नाही. आठवतो तो गोंगाट, लोण्याचा वास, आणि टिलरीनं जाता जाता पाठीवर मारलेली थाप.

मूळचा तो कागलचा. बोटीवर खानसाम्याच्या हाताखाली लागला, बोटीनं त्याला एव्हनमथ बंदरात आणून सोडला, आणि त्र्याहत्तर साली तो टिलरीजमध्ये भांडी घासायला लागला. दोन वर्षांत वेटर झाला. पद्माकर हे नाव कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून तो पॅडी झाला. आणि ऐंशीच्या पुढं पॅडीचं सीझर सॅलड हे टिलरीजचं भूषण झालं. ढकलगाडीवर लाकडाचा मोठा वाडगा घेऊन तो टेबलाशी यायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत सगळं करायचा. लसूण चिरडायचा, मासोळी घोटायची, अंडं फोडायचं, लिंबू पिळायचं, आणि मग लेट्युसची पानं दोन चमच्यांवर अशी उडवायची की एक पान बाहेर पडेल तर शपथ. कागलच्या तालमीत माती खाल्लेले ते हात. लोक जेवण थांबवून बघायचे.

स्टेक त्यानं हजारोंनी वाढले, पण स्वतः कधी गाईचं तोंडात घातलं नाही. “नोकरी येगळी, प्वाट येगळं,” म्हणायचा. आणि तीस वर्षांत त्या लाल बाकावर तो एकदाही बसला नव्हता. कामकऱ्यांनी पुढच्या हॉलमध्ये बसायचं नाही, असा दंडकच होता.

टिलरीज बंद होणार हे पेपरात वाचलं त्या दिवशी त्यानं कार्डिफला मुलीला, मीनाक्षीला, फोन केला. ती तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला होती. तिनंच टेबलाचं बघितलं आणि फिरून फोन केला.

“बाबा, लास्ट वीक सगळा बुक्ड आहे. फक्त वेन्सडे लंच मिळतोय. मला शिफ्ट आहे, मला नाही जमणार. पण तुम्ही दोघं जा. घेऊ?”

“घे, घे! इचारतीस काय!”

आता दोघं जाणार, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं.

घरी येऊन त्यानं पिवळा कोट खुंटीला लावला. स्वयंपाकघरात सुनेत्रा ओट्याशी उभी होती. पुढ्यात वाटीभर भिजलेला साबुदाणा, आणि ती शेंगदाणे कुटत होती. त्या खलबत्त्याचा आवाज ऐकून पद्माकर दारातच थबकला.

“हे काय चाललंय?”

“काय म्हंजे? संकष्टी न्हवं का आज.”

पद्माकरनं फ्रिजकडं बघितलं. फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली, मीनाक्षीनंच इंटरनेटवरून काढून पाठवलेली वर्षभराच्या संकष्ट्यांची यादी होती, ब्रिस्टलच्या चंद्रोदयाच्या वेळांसकट. भारतातल्या कॅलेंडरातल्या वेळा इथं चालत नाहीत. उन्हाळ्यात तर इथला चंद्र मध्यरात्र उलटून जाईतो तोंड दाखवत नाही. आजच्या तारखेपुढं लिहिलं होतं, सहा वाजून चाळीस मिनिटं. आणि मीनाक्षीशी बोलताना तो फोन कानाला लावून उभा होता तो याच फ्रिजला टेकून.

“अगं, मग तू मला बोलली न्हाईस ती!”

“तुमी मला सांगितलासा बुधवार म्हून, तवा मला कुटं ठाव कुटला बुधवार? मला वाटलं फुडल्या आठवड्यातला. आवो, अठ्ठावीस वर्सं धरतो मी संकष्टी ह्या घरात. ज्या बाप्याला आपल्या बायकूचा उपास कळंना, त्यानं मोटारी आडवून काय उपेग?”

सुनेत्रा निपाणीची. तिकडच्या बायका ‘मी करतो, मी जातो’ असं पुरुषासारखं बोलतात, आणि तीस वर्षं इंग्लंडात राहूनही तिची ती बोली हलली नव्हती.

“एक दिस सोड की.”

“सोडतो. आनि मीनाक्षीच्या येळच्या माज्या बाळंतपणाला देवाला काय सांगितलेलं ते बी सोडतो. जावा तुमी एकटं. तुमचंच हाटेल हाय. मी खिचडी खाऊन पडतो.”

“एकटा जाऊन काय करू?”

त्याचा आवाज असा काही आला की तिनं बत्ता थांबवून मान वर केली. त्याला सांगायचं होतं ते गेली पंचवीस वर्षं सांगायचं राहूनच गेलं होतं.

एक्याऐंशीचा डिसेंबर. एका रात्रीत एवढं बर्फ पडलं की बसगाड्या बंद. पद्माकर पहाटेच चालत टिलरीजला गेला होता, डबा विसरून. आणि तो होता बुधवार. बुधवारी कामकऱ्यांच्या जेवणाला गाईच्या मांसाचा रस्सा असतो, हे सुनेत्राला ठाऊक. नवरा उपाशी राहणार. तीन वर्षांच्या मीनाक्षीला तिनं शेजारणीकडं ठेवलं, भाकरी-पिठलं फडक्यात बांधलं आणि गुडघाभर बर्फातनं दोन मैल टेकडी चढून गेली. मागचं दार असतं हे तिला कोण सांगणार? ती गेली पुढच्या दारानं. लुगड्यावर पद्माकरचाच जुना ओव्हरकोट, पायांत रबरी बूट, डोक्याला मफलर, हातात गाठोडं. आत पुढच्या हॉलमध्ये पाचसहा बडी गिऱ्हाइकं अंगावरचं बर्फ झटकत उभी होती. त्या वेळचा हेडवेटर मोठा कडक. त्यानं भुवया उंचावून विचारलं, “पॅडी, या बाई तुझ्या कोणी लागतात का?”

आणि पद्माकर म्हणाला, “नो सर. किचनच्या कामाला आल्या असतील.”

का म्हणाला, ते त्याला आजतागायत कळलेलं नाही. तोंडातनं निसटलं. पण निसटलेलं परत घेता आलं असतं, तेही त्यानं केलं नाही. त्यापुढचं तर आणखी वाईट. बर्फामुळं त्या दिवशी किचनची निम्मी माणसं आली नव्हती. शेफला खरंच वाटलं, त्यानं सुनेत्राच्या गळ्यात एप्रन अडकवला, स्टूल दिलं आणि पुढ्यात बटाट्याचं पोतं ठेवलं. ती दोन तास बटाटे सोलत बसली. पद्माकर ताटं घेऊन तिच्या शेजारनं येत-जात होता. तिनं एकदाही वर बघितलं नाही. चार वाजता दोघं बर्फातनं चालत घरी आले. तिनं चूल पेटवली, म्हणजे गॅसच, पण तिच्या तोंडी चूलच, आणि जेवायला वाढलं. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही. तिला इंग्रजी कळलं नसेल, अशी पद्माकरनं स्वतःची समजूत घातली. समजूत दिवसभर टिकायची, अंथरुणावर पडलं की उडायची.

त्याला एवढंच पाहिजे होतं. टिलरीज बंद व्हायच्या आत, त्याच हॉलमध्ये, पुढच्या दारानं नेऊन, तिला लाल बाकावर बसवायचं आणि चार माणसांत सांगायचं की ही माझी बायको. शनिवारनंतर ते सांगायला जागाच उरणार नव्हती.

तो ओट्यावरच्या वाटीकडं बघत राहिला. आणि एकाएकी त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“सुनेत्रा, उपासाला बटाटा चालतोय न्हवं?”

“चालतोय की.”

“आनि रताळं?”

“आता रताळं चालंना तर काय चालंल?”

“लोनी?”

“काय परीक्षा घेतासा व्हय माजी?”

“अगं, मग टिलरीजमदी तीस वर्सं मी उपासाचंच वाढत हुतो की! भाजल्याला बटाटा हाय, भाजल्यालं रताळं हाय, लोन्याचा गोळा हाय. शेंगदान्याचा कूट तेवढा आपून न्यायचा!”

ती बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून हसली. “शिजवत्यात कशात पर? गाईच्या मांसाच्या भांड्यात?”

“नव्या पत्र्याच्या ताटलीत कराय सांगतो. आत्ता फोन करतो.”

टिलरीजमध्ये आता डेरेक हेडवेटर होता. पद्माकरच्याच हाताखाली शिकलेला. पद्माकरनं त्याला बयाजवार सांगितलं. नवी ताटली, नुसतं लोणी, बटाट्यावर कांद्याची पात नको, डुकराच्या मांसाचा चुरा नको, रताळ्यावर तो मऊ पांढरा मार्शमेलो नको, त्यात हाडांचा अर्क असतो.

“पॅडी,” डेरेक म्हणाला, “स्टेकहाउसला येऊन नुसता बटाटा खाणारं हे कोण?”

“आहे एक... माझ्याबरोबर पाहुणी आहे.”

फोन ठेवला आणि पद्माकरनं कपाळावर हात मारला. पाहुणी! साध्या फोनवर, डेरेकसारख्या पोरापाशीसुद्धा, जीभ नेमकी तिथंच घसरली. त्यानं चोरून स्वयंपाकघराकडं बघितलं. सुनेत्रा शेंगदाण्याचा कूट एका छोट्या डबीत भरत होती. तिनं ऐकलं की नाही, पत्ता लागला नाही.

मोरपंखी इरकल, वर मीनाक्षीनं दिलेला करडा लोकरी कोट, अशी सुनेत्रा साडेबाराला टिलरीजच्या पुढच्या दारातनं आत शिरली. पद्माकरनं दार धरलं होतं. दार उघडून धरणं त्याच्या हाडामासात होतं. आता सांगायचं. डेरेक हसत पुढं आला, पद्माकरचा हात हातात घेतला, सुनेत्राकडं वळून लवला, “या मॅडम—” आणि काउंटरवरचा फोन वाजला. सकाळपासनं वाजतच होता म्हणे. अख्ख्या गावाला शेवटच्या दिवसाचं टेबल पाहिजे होतं. “आठ नंबर, खिडकीजवळ, तुला माहितीये!” असं म्हणत डेरेक पळाला. पद्माकरचं वाक्य तोंडातच राहिलं.

आठ नंबरच्या लाल बाकावर सुनेत्रा बसली. हातानं चामडं चाचपलं. “मऊ हाय. खालनं जरा खचलंय.”

“पन्नास वर्सांची बुडं बसल्यात त्येच्यावर.”

“दिसतंय की.”

पद्माकरला बसणं जमेना. बर्फाचं पाणी आलं तेव्हा तो उठून पेला सरळ करायला लागला. शेजारच्या टेबलावर पावाचे कण पडले, ते बघून त्याचा हात शिवशिवला. ऑर्डर घ्यायला आलेली पोरगी, आन्या, पोलंडची, नवीनच. तिनं पेन्सिल कानाला लावली होती, ते बघून तो ‘कानाला नाही, खिशात’ असं म्हणणार, तेवढ्यात सुनेत्रानं टेबलाखालनं त्याच्या पायावर पाय दिला. “गप बसा. पाव्हनं हायसा तुमी.”

त्यानं स्वतःला तळलेलं चिकन मागवलं. तिचा बटाटा आला, कागद उलगडलेला, पोटातनं वाफ निघालेला, आणि वर लोण्याचा पिवळा गोळा विरघळत चाललेला. शेजारी नव्या कोऱ्या पत्र्याच्या ताटलीत रताळ्याच्या फोडी, कडा करपून खरपूस झालेल्या. सुनेत्रानं डोळे मिटून पुटपुटत नमस्कार केला, पर्समधनं डबी काढली आणि दोन्हींवर दाण्याचा कूट पेरला. आन्या बघत उभी होती. सुनेत्रानं तिच्या पुढंही डबी धरली. पोरीनं चिमूटभर तोंडात टाकला आणि मान डोलावली.

“कसं लागतंय?” पद्माकरनं विचारलं.

“रताळं झ्याक हाय. आपल्याकडं चुलीत भाजत्यात तसलं. बटाटा जरा कच्चा हाय मधी.” दुसरा घास घेतला. “तरी पर ग्वाड हाय. तुमी ह्येच वाढत हुतासा आनि घरी येऊन मला सांगत हुतासा, लई अवगड पाकशास्त्र हाय म्हून.”

तो हसला. हसताना त्याला आतल्या भिंतीवरचा टिलरीचा फोटो दिसला, पियानोवर बसलेला. पियानो आता नव्हता. त्या जागी कोट टांगायचा स्टँड होता. टेबलक्लॉथची खळही पहिल्यासारखी कडक राहिली नव्हती. पण लोण्याचा आणि भाजल्या मांसाचा तो वास तसाच होता, आणि दोन प्रहरच्या उन्हाचा तिरका पट्टा बरोबर तिथंच पडला होता जिथं नोव्हेंबरात पडायचा, सात नंबरच्या पायाशी. त्या पट्ट्यात तो किती वेळा गाडी ढकलत गेला असेल!

“पॅडी! अरे, पॅडीच ना हा!”

पलीकडच्या टेबलावर मिसेस पेनरोज होत्या. नव्वदीला टेकलेल्या, मोत्यांची माळ, काठी बाकाला टेकवलेली. नवरा होता तेव्हापासनं दर महिन्याला येणाऱ्या. बरोबर पन्नाशीचा मुलगा. त्यांनी हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “डेरेक, गाडी आण! पॅडी आलाय. मला शेवटचं सीझर याच्याच हातचं पाहिजे.”

चारपाच टेबलांवरचे जुने चेहरे वळले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. डेरेक गाडी घेऊन आलासुद्धा, लाकडी वाडगा, लसूण, अंडी, सगळं.

“येस, मॅडम,” पद्माकरच्या तोंडातनं आपोआप निघालं. तो अर्धा उठलाही. मांडीवरचा रुमाल त्यानं कधी डाव्या मनगटावर टाकला, त्याला कळलं नाही. आणि मग त्याची नजर खाली गेली. सुनेत्रा डबीचं झाकण लावत होती. चेहरा कोरा. मान खाली. त्या दिवशी बटाटे सोलताना होती तशी.

पद्माकर तिथंच थांबला. मनगटावरचा रुमाल त्यानं काढला, टेबलावर ठेवला.

“मिसेस पेनरोज,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, “आज मी कामावर नाही. मी जेवायला आलोय. ही माझी बायको. सुनेत्रा. हिला घेऊन आलोय.”

कोणाला त्यात विशेष काही वाटायचं कारण नव्हतं. मिसेस पेनरोजनी चष्मा वर करून सुनेत्राकडं बघितलं, इरकलीकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा फुलला.

“किती सुंदर! अरे लबाडा, तीस वर्षं हिला कुठं लपवून ठेवली होतीस?”

पद्माकरनं टेबलावरचा पाण्याचा पेला सरळ केला.

उत्तर सुनेत्रानंच दिलं. शांतपणे, आपल्या निपाणीच्या इंग्रजीत.

“इन द किचन.”

अख्खा हॉल खो खो हसला. मिसेस पेनरोजच्या मुलानं टेबलावर थाप मारली, डेरेक हसला, आन्याही हसली. हसला नाही तो एकटा पद्माकर. तो मटकन बाकावर बसला. सुनेत्रा त्याच्याकडं बघत होती. डोळ्यांत राग नव्हता. दिसली ती मिस्किली, आणि त्याखाली आणखी काहीतरी, ज्याच्याकडं त्याला नीट बघवेना.

“जावा,” ती हळू म्हणाली. “म्हातारी आशेनं बसलीया. करा तुमचं ते सालाड.”

“नगं. तुला सोडून न्हाई जायाचं मला.”

“मी कुटं पळून चाललो? हितंच बसतो. तीस वर्सं काय करत हुतासा ते मला बी बगू द्या की एकदा.”

मग तो उठला. पहिल्यांदा लसणीची पाकळी सटकली. पण मासोळी घोटताना मनगटाला जुनी लय सापडली. अंडं एका हातानं फुटलं. लिंबाची धार, तेलाची धार, आणि मग दोन चमच्यांवर पानं उडायला लागली, हिरवी, ओली, त्या उन्हाच्या पट्ट्यात चमकत. तो मिसेस पेनरोजकडं बघतच नव्हता. तोंड आठ नंबरकडं होतं. सुनेत्रा हनुवटीखाली हात घेऊन, लहान पोर डोंबाऱ्याचा खेळ बघतं तशी बघत होती. पानं उडाली की तिची नजर वर जायची, पडली की खाली. एक पान वाडग्याच्या काठावर आदळलं आणि बाहेर पडलं. आयुष्यात पहिल्यांदा. कोणाच्या लक्षात आलं नाही. सुनेत्राच्या आलं.

वाढून तो परत येऊन बसला तेव्हा ती म्हणाली, “हात चांगला हाय. एक पान सांडलासा.”

“तू बगत हुतीस म्हून.”

“आता माज्यावर घाला.”

परतीच्या बसमध्ये खालच्या मजल्यावर दोघं शेजारी बसले. टेकडी उतरेपर्यंत पद्माकर खिडकीबाहेर बघत राहिला. मग बाहेरच बघत म्हणाला,

“तुला कळलं हुतं तर.”

“काय?”

“त्या दिशी. बरफात.”

“आवो, ‘नो सर’ कळायला काय कालेजात जायाला लागतंय?”

बस स्टॉपवर थांबली, दोन म्हाताऱ्या चढल्या, बस निघाली.

“पंचवीस वर्सं मला झोप न्हाई लागली धड,” तो म्हणाला. “चुकलं माजं. लई चुकलं. कसं तोंडातनं गेलं, माजं मला ठाव न्हाई.”

“मला ठाव हाय. लाज वाटली तुमास्नी. त्या बुटांची, त्या कोटाची. कोट तुमचाच हुता, त्ये इसरलासा.” तिनं पर्स मांडीवर सारखी केली. “आला हुता मला राग. लई आला हुता. त्येचं म्हनन्यापरीस, घरी आल्यावर जेवलासा आनि एक सबूद बोलला न्हाईसा, त्येचा जास्त. दोन वर्सं हुता. मग मीनाक्षीची शाळा सुरू झाली, तिचं डबं, तिचं अब्यास... कवा गेला काय की. एक दिस बगतो तर न्हाईच.”

पद्माकरनं मान वळवली. “दोन वर्सं? म्हंजे त्र्याऐंशीतच गेला?”

“व्हय. आसंल त्र्याऐंशी.”

“मग मला सांगायचंस की, बाई! मी हिकडं तेवीस वर्सं फुकट जळतोय!”

“तुमी कुटं इचारलासा?”

तो तिच्याकडं बघत राहिला. तिनं ओठ दाबून धरले होते, मग दाबलेलं सुटलं आणि ती हसायला लागली, खांदे हलेपर्यंत. म्हाताऱ्यांनी वळून बघितलं. पद्माकरला रडावं की हसावं कळेना. त्यानं खिशातनं रुमाल काढला आणि नाक शिंकरलं. हसणं थांबल्यावर तिनं डोळे पुसले.

“आज म्हनलासा मातुर,” ती म्हणाली. “सगळ्यांम्होरं. त्ये ब्येस झालं.” आणि उतरायची घंटा दाबली.

घरी आले तेव्हा साडेतीन वाजले होते. ऊन गेलं होतं, गल्लीत पुन्हा गारठा उतरत होता. सुनेत्रानं इरकल बदलली आणि कुकरला डाळ लावायला घेतली. चंद्र उगवला की वरणभात, आणि मोदकाचं सारण सकाळीच करून ठेवलेलं. ढगांत दिसला नाही तर यादीतली वेळ धरून दाखवायचा नैवेद्य. पद्माकर टाय सोडून खुर्चीत जरा टेकतो न टेकतो तोच तिचा आवाज आला.

“आवो, वरच्या खोलीतला रेडिएटर बगा. खाली तापतोय, वर गार. दोन दिस सांगतोय.”

“हवा आडकली आसंल.”

“मग काडा की.”

त्यानं खिळ्यांच्या डब्यातनं छोटी पितळी चावी शोधली, एक फडकं घेतलं, जिना चढला. खोली तापवायला गरम पाणी खेळवलेल्या त्या लोखंडी रेडिएटरच्या कडेला गुडघ्यावर बसला. गुडघे करकरले. चावी लावून अर्धा फेरा फिरवला. आतनं सूं सूं करत हवा निघायला लागली, बराच वेळ, वर्षभर कोंडून राहिलेली. मग दोन थेंब काळपट पाणी आलं. त्यानं फडकं लावलं, चावी आवळली, आणि तळहात वरच्या कडेवर ठेवून ऊब चढत येते का बघत बसला.

“झालं का?” खालनं हाक आली.

“होतंय.”

“झालं की जिन्यातला बी बगा.”

“बगतो,” तो म्हणाला आणि फडकं पिळायला न्हाणीकडं गेला.